कुदळ मारण्याआधी : भूमिगत सेवावाहिन्या कशा शोधाव्यात

सेवावाहिन्या शोधण्याचे काम नव्याने शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट मनात पक्की करावी : हातातल्या यंत्राला जमिनीखालची केबल किंवा नळ दिसत नाही. ज्याला आपण लोकेटर म्हणतो ते यंत्र धातूच्या वाहिनीतून वाहणाऱ्या विद्युत प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र टिपते. जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडणारे रडार, दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून परत आलेली लहर टिपते. ते क्षेत्र नेमके कोणत्या वाहिनीचे आणि ती लहर कशावरून परतली, हे ठरवणे माणसाचे काम आहे. म्हणून रस्त्यावर रंगाने मारलेली रेघ हे आपले मत असते, आणि खड्डा घेऊन वाहिनी डोळ्यांनी पाहेपर्यंत ते मतच राहते. या लेखातले सगळे टप्पे त्या मताचा भरवसा वाढवण्यासाठी आहेत.

हे काम नीट न केल्याची किंमत केवढी असते, याचा अंदाज केंद्र सरकारच्याच आकड्यांवरून येतो. देशात दर वर्षी सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर केबल तुटतात आणि त्यातून सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे दूरसंचार विभागाने सांगितले आहे. हा हिशेब केवळ फायबरचा झाला. जेसीबीच्या बकेटखाली ११ केव्हीची केबल किंवा गॅसची वाहिनी आली, तर प्रश्न रुपयांचा राहत नाही.

कागद आणि माणसे

शोधाची सुरुवात यंत्राची पेटी उघडून होत नाही. आधी त्या रस्त्याखाली कोणाकोणाचे काय असू शकते याची यादी करावी. पुण्यासारख्या शहरात महापालिकेची जलवाहिनी, मलवाहिनी आणि पावसाळी गटार, महावितरणच्या उच्चदाब व लघुदाब केबल, पथदिव्यांची स्वतंत्र केबल, शहर गॅस कंपनीची वाहिनी, बीएसएनएलच्या जुन्या तांब्याच्या केबल व फायबर, खासगी दूरसंचार कंपन्यांचे डक्ट (केबल ओढण्यासाठी पुरलेले पाइप) आणि अलीकडे पोलिसांच्या सीसीटीव्हीचे व सिग्नलचे डक्ट एवढे तर धरूनच चालावे. प्रत्येकाकडे लेखी नकाशा मागावा. त्याचबरोबर २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी ॲपवर खोदाईचे ठिकाण आणि तारीख नोंदवावी. या नोंदीमुळे नोंदणीकृत वाहिनीमालकांना सूचना जाते आणि त्यांच्याशी संपर्क साधता येतो. महापालिकेची खोदाई परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि पावसाळ्यात ती सहसा मिळत नाही, हेही वेळापत्रक आखताना लक्षात ठेवावे.

नकाशा हातात आला की तो खरा आहे असे मानू नये आणि खोटा आहे म्हणून टाकूनही देऊ नये. जुन्या नकाशात वाहिनीचे अंतर ‘रस्त्याच्या कडेपासून’ दिलेले असते, पण तो रस्ता मधल्या काळात दोनदा रुंद झालेला असतो. मग ती कड शोधायची कुठे? अशा वेळी नकाशावरची न हललेली खूण, म्हणजे देऊळ, जुनी भिंत, पुलाचा कठडा, असे काहीतरी गाठून तिथून मोजावे.

खोलीबाबतही हाच सावधपणा हवा. केबल टाकण्याच्या भारतीय मानकानुसार लघुदाब केबल ०.७५ मीटर, ३.३ ते ११ केव्हीची केबल ०.९ मीटर आणि २२ व ३३ केव्हीची केबल १.०५ मीटर खोल असावी. बीएसएनएलच्या फायबरचा चर १.६५ मीटर खोल घेण्याचा दंडक आहे. प्रत्यक्षात मुरूम संपून कातळ लागला की ठेकेदाराची खोलीची जिद्दही तिथेच संपते, आणि दख्खनच्या पठारावर कातळ फार लांब नसतो. उलट, रस्त्यावर वर्षानुवर्षे डांबराचे थर चढत गेले असतील किंवा काँक्रीटीकरण झाले असेल, तर तीच वाहिनी मूळ खोलीपेक्षा बरीच खाली गेलेली असते. मानकातली खोली आपल्याला शोध कुठून सुरू करायचा एवढेच सांगते.

कागदावर नसलेली माहिती माणसांकडे असते. त्या पेठेत वीस वर्षे पाणी सोडणारा व्हॉल्व्हमन, महावितरणच्या शाखा कार्यालयातला जुना लाइनमन आणि कोपऱ्यावरचा टपरीवाला या तिघांशी बोलल्याशिवाय मी सहसा यंत्र सुरू करत नाही. व्हॉल्व्हमनला विचारताना ‘लाइन कुठे आहे?’ असे मोघम विचारू नये. तो हात फिरवून सगळा रस्ता दाखवतो. ‘ही चावी फिरवली की कोणत्या घरांचे पाणी बंद होते?’ असे विचारावे. त्या उत्तरातून वाहिनीची दिशा, फाटा आणि बंद पडलेला जुना भाग अशा तिन्ही गोष्टी कळतात.

रस्ता वाचणे

यानंतर संपूर्ण लांबीवर दोन्ही बाजूंनी एकदा पायी चालावे आणि हाताने कच्चा नकाशा काढावा. चेंबरचे ढापे, व्हॉल्व्हच्या पेट्या, फीडर पिलर (वीजवितरणाच्या रस्त्याकडेच्या पेट्या), रोहित्र, खांबावरून जमिनीत उतरणारे लोखंडी पाइप, घरांचे पाण्याचे मीटर, गॅसच्या पिवळ्या खुणा आणि फायबरचे रूट मार्कर, यांतले काहीही सोडू नये. डांबरावरचे जुने ठिगळही वाचता येते. अरुंद, सरळ आणि लांबच लांब ठिगळ बहुधा केबलच्या चराचे असते. रस्त्याला आडवे जाऊन घरापाशी थांबणारे नळजोडाचे असते. आणि ठरावीक अंतरावर मीटर-दीड मीटरचे चौकोन दिसले, तर तिथून कोणीतरी आडव्या ड्रिलिंगने, म्हणजे रस्ता न उकरता जमिनीखालून भोक पाडून, डक्ट टाकले असण्याची दाट शक्यता असते. हे आडवे ड्रिलिंग विशेष त्रासदायक ठरते. दोन खड्ड्यांच्या मध्ये ती वाहिनी सरळ रेषेत किंवा एकाच खोलीवर असेल असे नाही, आणि वर डांबरावर तिची काहीच निशाणी नसते.

चेंबर उघडून आत कोणत्या दिशेला किती वाहिन्या जातात, त्या कशाच्या आहेत आणि माथा किती खोल आहे, हे टेपने मोजून लिहावे. मलवाहिनीच्या चेंबरमध्ये मात्र उतरू नये आणि डोकेही घालू नये. हायड्रोजन सल्फाइडमुळे माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. मोजमाप वरून काठीने किंवा कॅमेऱ्याने घ्यावे, बाकीचे काम गॅस डिटेक्टर व प्रशिक्षण असलेल्यांवर सोपवावे.

पुण्यात काम करणाऱ्यांनी एक जुनी वाहिनीही ध्यानात ठेवावी. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारा दगडी बांधणीचा भुयारी नळ टाकला गेला, आणि त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे आतली हवा बाहेर पडण्यासाठी जमिनीवर उभारलेली बांधकामे, बांधले गेले. त्यात धातू नाही, त्यामुळे लोकेटरला तो कळणारच नाही. दोन उच्छ्वास सापडले की त्यांना जोडणारी रेघ कोणत्याही यंत्राच्या रेघेपेक्षा अधिक खात्रीची असते. तो बांधणाऱ्यांनी आपल्यासाठी जमिनीवर खुणा सोडल्या होत्या. आजच्या किती वाहिन्यांबद्दल असे म्हणता येईल, हा प्रश्नच आहे.

लोकेटर : आधी नुसते ऐकणे

लोकेटरचे दोन भाग असतात. ट्रान्समीटर वाहिनीवर ठरावीक वारंवारतेचा प्रवाह चढवतो आणि रिसीव्हर जमिनीवरून फिरवून त्या प्रवाहाचे क्षेत्र शोधले जाते. पण पहिली फेरी ट्रान्समीटरशिवाय, केवळ रिसीव्हर घेऊन मारावी. ‘पॉवर’ या पर्यायात तो ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाचे क्षेत्र ऐकतो, आणि ‘रेडिओ’ या पर्यायात दूरच्या प्रक्षेपणाच्या लहरी लांब धातूच्या वाहिन्यांवर चढून परत उमटतात त्या ऐकतो. ठरलेल्या जागेवर मीटर-दोन मीटर अंतराच्या समांतर रेषांवर चालावे, आधी लांबीत आणि मग रुंदीत. नवखा माणूस रिसीव्हर लोलकासारखा डावी-उजवीकडे हलवत चालतो. असे केल्याने यंत्राचा कोन सतत बदलतो आणि वाचन फसवे येते. यंत्र उभे, जमिनीपासून एकाच उंचीवर आणि अंगाशी स्थिर धरावे. चालायचे ते पायांनी.

पॉवरच्या फेरीत संकेत मिळाला म्हणजे खाली वीजकेबल आहेच असे नाही, कारण लोखंडी जलवाहिनीवरही भटका ५० हर्ट्झ प्रवाह वाहत असतो. आणि संकेत मिळाला नाही म्हणजे केबल नाही, असे तर मुळीच नाही. दिवसा पथदिव्यांची केबल बंद असते, त्यामुळे ती गप्प राहते. तीन फेजचा भार समतोल असलेल्या केबलमध्ये एकमेकांची क्षेत्रे रद्द होऊन बाहेर फारच थोडे उरते, मग ती ११ केव्हीची का असेना. ज्याचा धक्का सर्वांत वाईट, तीच केबल कधी कधी सर्वांत शांत असते.

लोकेटर : प्रवाह चढवून शोधणे

खरा शोध ट्रान्समीटर लावल्यावर सुरू होतो. प्रवाह चढवण्याचे तीन मार्ग आहेत, आणि त्यांचा पसंतीक्रम ठरलेला आहे.

सर्वांत विश्वासार्ह म्हणजे थेट जोडणी. ट्रान्समीटरची एक तार वाहिनीच्या उघड्या धातूला, म्हणजे व्हॉल्व्हला, नळाला किंवा बंद केलेल्या केबलच्या आवरणाला चिमट्याने जोडतात आणि दुसरी तार जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईला. सळई वाहिनीला काटकोनात, तारेची लांबी पुरेल तितकी दूर ठोकावी, आणि मध्ये दुसरी वाहिनी येणार नाही असे पाहावे. जवळचे रेलिंग किंवा दुसरा नळ अर्थिंग म्हणून वापरण्याचा मोह टाळावा, नाहीतर परतीचा प्रवाह त्यावरूनच येतो आणि मग तोच ‘सापडतो’. उन्हाळ्यात कोरड्या मुरमात सळईचा संपर्क धड होत नाही. तिच्या बुडाशी बाटलीभर पाणी ओतून दोन मिनिटे थांबले की ट्रान्समीटरवरचा मिलिअँपिअरचा आकडा वर चढताना दिसतो. चालू केबलला थेट जोडणी कधीही करू नये. ती बंद करणे, तपासणे आणि जोडणे हे काम वीज कंपनीच्या अधिकृत माणसाचेच आहे.

दुसरा मार्ग क्लॅम्पचा. केबलभोवती कडे अडकवून प्रवाह चढवता येतो, त्यामुळे ग्राहकांची वीज बंद करावी लागत नाही. कड्याची दोन्ही तोंडे पूर्ण मिटली पाहिजेत आणि केबलची दोन्ही टोके अर्थ झालेली असली पाहिजेत, नाहीतर प्रवाहाला फिरायला वाट मिळत नाही. चालू पिलर उघडून आत हात घालण्याचा अधिकार इथेही वीज कंपनीच्या माणसालाच आहे.

तिसरा मार्ग म्हणजे जमिनीवर ट्रान्समीटर ठेवून दुरून प्रवाह चढवणे. कोठेच जोडणी मिळत नसेल तेव्हा हा उपयोगी पडतो, पण ट्रान्समीटर त्याच्या आवाक्यातल्या सगळ्याच धातूच्या वाहिन्यांवर प्रवाह चढवतो. शिवाय रिसीव्हर त्याच्या जवळ आला तर जमिनीतल्या वाहिनीऐवजी तो हवेतून थेट ट्रान्समीटरच ऐकतो. दोघांमध्ये निदान दहा-पंधरा मीटर अंतर राखावे. अनोळखी जागी मात्र हीच पद्धत मोलाची ठरते : एकाने ट्रान्समीटर आणि दुसऱ्याने रिसीव्हर धरून, तेवढेच अंतर ठेवत, दोघांनी समांतर रेषांवर सगळी जागा पिंजून काढावी, म्हणजे कागदावर नसलेल्या वाहिन्याही उघड्या पडतात.

वारंवारता निवडताना एक साधा नियम उपयोगी पडतो. ५१२ हर्ट्झसारखी कमी वारंवारता दूरवर जाते आणि शेजारच्या वाहिन्यांवर उडी मारत नाही, पण तिला जोडणी आणि अर्थिंग दोन्ही चांगली लागतात. ८ किलोहर्ट्झ मधली वाट आहे. ३३ किंवा ६५ किलोहर्ट्झ रबरी सांध्यांच्या बिडाच्या नळावरूनही पुढे सरकते, पण लवकर विरते आणि शेजाऱ्यांवर सहज चढते. नवखा माणूस संकेत जोरदार यावा म्हणून सर्वांत मोठी वारंवारता लावतो. मी उलट सुचवीन : ज्या सर्वांत कमी वारंवारतेवर पुरेसा संकेत मिळतो, तिच्यावर काम करावे.

वाहिनी सापडल्यासारखी वाटली की तिथे थांबून तीन गोष्टी कराव्यात. यंत्र स्वतःभोवती फिरवून संकेत सर्वांत जास्त कोणत्या कोनात येतो ते पाहावे. त्यावरून वाहिनीची दिशा कळते. मग ‘पीक’ पद्धतीने, म्हणजे संकेत सर्वाधिक असलेल्या जागी, आणि ‘नल’ पद्धतीने, म्हणजे संकेत शून्याजवळ येतो त्या जागी, दोन स्वतंत्र खुणा कराव्यात. दोन्ही एकाच ठिकाणी पडल्या तर क्षेत्र स्वच्छ आहे. त्यांच्यात वीतभराचे किंवा अधिक अंतर पडले, तर शेजारच्या एखाद्या वाहिनीने क्षेत्र वाकवले आहे असे समजावे. अशा वेळी खरी वाहिनी पीकच्या खुणेजवळ असते, पण नलच्या विरुद्ध बाजूला, त्या अंतराच्या साधारण निम्म्यावर. तिसरी गोष्ट म्हणजे प्रवाहाचा आकडा लिहून ठेवणे.

हा आकडा का लिहायचा, हे मी चूक करून शिकलो. शहरातल्या एका जुन्या वस्तीत फीडर पिलरपासून एका इमारतीपर्यंतची लघुदाब केबल शोधायची होती. लाइनमनने केबलवर क्लॅम्प लावून दिला, संकेत झकास आला, आणि मी पदपथाच्या कडेने चाळीस मीटर सरळ लाल रेघ मारली. पिलरपाशी यंत्र ६० मिलिअँपिअर दाखवत होते, वळणानंतर १२. संकेताची पट्टी मात्र भरलेलीच होती, म्हणून मी आकड्याकडे दुर्लक्ष केले. खड्डा घेतला तेव्हा फक्त पस्तीस सेंटिमीटरवर गंजलेला, बंद पडलेला जीआय पाइप निघाला. केबल वळणावर रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती आणि ११० सेंटिमीटर खोल होती. झाले होते असे : थोडासा प्रवाह त्या पाइपावर चढला होता, आणि पाइप उथळ असल्याने रिसीव्हरच्या इतका जवळ होता की तेवढ्यानेही पट्टी भरत होती. संकेताचा जोर खोलीवर अवलंबून असतो. खोलीचा हिशेब धरून काढलेला प्रवाहाचा आकडा मात्र आपण जोडलेल्या वाहिनीवरच सर्वांत मोठा येतो. प्रवाह हळूहळू कमी होत गेला तर ठीक. एकदम पडला, तर तिथे फाटा आहे, वाहिनी वळली आहे किंवा आपण भलत्याच वाहिनीवर चढलो आहोत. वळणाच्या जागी मागे येऊन, चार-पाच मीटरचे वर्तुळ फिरून शोधले असते, तर ती केबल त्याच दिवशी सापडली असती.

खोलीचे वाचन शेवटी घ्यावे आणि त्यावर सर्वांत कमी विसंबावे. यंत्र दाखवते ती खोली वाहिनीच्या मध्यापर्यंतची असते. ३०० मिलिमीटरच्या नळावर एक मीटर आकडा आला, तर त्याचा माथा ८५ सेंटिमीटरवरच आहे. वळणावर, फाट्यावर आणि जोडणीच्या जवळ खोली घेऊ नये. वाचन खरे आहे का, हे तपासायला रिसीव्हर जमिनीपासून बरोबर अर्धा मीटर उचलून पुन्हा खोली घ्यावी. आकडा अर्ध्या मीटरनेच वाढला पाहिजे. दुसरी पडताळणी टेपने करता येते : पीकच्या खुणेवरून दोन्ही बाजूंना सरकत, संकेत ७० टक्क्यांवर येतो त्या दोन जागा खुणाव्यात, आणि त्यांच्यातले अंतर मोजावे. ते अंतर म्हणजेच अंदाजे खोली. दोन बाजूंची अंतरे समान नसतील, तर क्षेत्र वाकलेले आहे.

प्लास्टिकच्या वाहिन्या

पीव्हीसी, एचडीपीई, सिमेंट, चिनी मातीचे पाइप आणि गॅसची पिवळी किंवा नारिंगी प्लास्टिक वाहिनी, यांतून प्रवाह जात नाही, म्हणून वरची सगळी कसरत त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरते. धातूचा अंश नसलेल्या फायबरचेही तसेच. अशा वाहिनीत शिरता येत असेल तर प्रश्न सोपा होतो. रिकाम्या डक्टमध्ये तांब्याची तार असलेली फायबरग्लासची लवचीक काठी सरकवून तिच्यावर ट्रान्समीटर जोडता येतो, किंवा काठीच्या टोकाला सोंड लावता येतो. सोंड म्हणजे संकेत सोडणारी, बोटभर ते वीतभर लांबीची बंद नळी. बिडाच्या मलवाहिनीत सोंड सोडायचा असेल तर ५१२ हर्ट्झचा घ्यावा, कारण मोठ्या वारंवारतेचा संकेत लोखंडाबाहेर येत नाही. सोंडवर एक मुख्य शिखर आणि त्याच्या पुढे-मागे दोन खोटी लहान शिखरे मिळतात, मधलेच खरे. सोंड मलवाहिनीच्या तळाशी पडलेला असतो, त्यामुळे त्याची खोली ही तळाची खोली असते, माथ्याची नव्हे.

चालू गॅसवाहिनीत आपण काहीही सरकवणार नाही. तिच्यासोबत शोधतार टाकलेली असेल तर कंपनीच्या माणसाला बोलावून त्या तारेवर जोडणी करून घ्यावी. तार नसेल किंवा तुटलेली असेल, तर नकाशा, खुणा, जीपीआर आणि हाताने घेतलेला खड्डा एवढेच हाती उरते. पाण्याच्या प्लास्टिक नळासाठी ध्वनीची पद्धत आहे : नळजोडाच्या ठिकाणी ठोके देणारे उपकरण लावतात आणि जमिनीवर ठेवलेल्या मायक्रोफोनने ते ऐकतात. रात्री वाहतूक थांबल्यावर ती बरी चालते. दिवसा लक्ष्मी रस्त्यावर तिचा विचारही करू नये.

जीपीआर

जीपीआरची ढकलगाडी आली की मालकाला वाटते, आता सगळे दिसणार. तसे होत नाही. रस्त्याच्या कामाला साधारण २५० ते ५०० मेगाहर्ट्झची अँटेना वापरतात. वारंवारता जितकी जास्त, तितक्या बारीक वस्तू दिसतात आणि तितकी खोली कमी मिळते. गाडी वाहिनीला काटकोनात ओलांडून गेली तर पडद्यावर उलट्या वाटीसारखी कमान उमटते आणि कमानीचा शेंडा वाहिनीच्या माथ्यावर असतो. गाडी वाहिनीच्या लांबीत ढकलली तर नुसती आडवी रेघ येते, ती मातीच्या थरापासून वेगळी ओळखता येत नाही. म्हणून अर्ध्या ते एक मीटर अंतराच्या समांतर रेषांवर, दोन्ही दिशांनी, जाळे धरून गाडी चालवावी. एकच कमान म्हणजे दगडही असू शकतो; लागोपाठच्या चार-पाच रेषांवर त्याच ओळीत, जवळपास त्याच खोलीवर कमान आली, तर ती वाहिनी मानावी.

जमीन कोणती आहे, यावर इथे बहुतेक सगळे ठरते. कोरड्या मुरमात दीड-दोन मीटरपर्यंत चांगले दिसते. काळ्या चिकण मातीत, त्यातही ती ओली असेल तर, लहर वरच्या थरातच विरून जाते आणि मीटरभर खोलीचेही काही खात्रीने सांगता येत नाही. पावसाळ्यानंतर लगेच घेतलेले आणि एप्रिलमध्ये घेतलेले चित्र, एकाच जागेचे असूनही, दोन वेगळ्या गावांचे वाटावे इतके निराळे येते. खोलीचा आकडाही जमिनीतल्या लहरीच्या वेगावर अवलंबून असतो. हा वेग कोरड्या-ओल्याप्रमाणे बदलतो. नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर हे आकडेमोडीला सोयीचे मधले मूल्य आहे. पण जवळच्या चेंबरमध्ये ज्याची खोली टेपने मोजली आहे अशा नळावरून गाडी एकदा नेऊन वेग जुळवून घ्यावा, हे उत्तम. नव्या काँक्रीट रस्त्यातल्या सळयांची जाळी वरूनच इतक्या कमानी देते की खालचे झाकले जाते. आणि एक मजेची गोष्ट : पाण्याने भरलेला प्लास्टिक नळ रिकाम्या नळापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून पाणीपुरवठ्याच्या वेळेतच ती फेरी मारावी.

रेघ मारणे आणि खड्डा घेणे

खुणा करताना कोणता रंग कशासाठी, हे आधी ठरवून नकाशावर लिहावे. अमेरिकेत रूढ असलेली पद्धत लक्षात ठेवायला सोपी आहे : विजेला लाल, गॅसला पिवळा, दूरसंचाराला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा आणि आपण जिथे खोदणार त्या हद्दीला पांढरा. रंगाबरोबर शब्दही लिहावा, कारण मुकादमाला तुमचा रंगांचा तक्ता पाठ नसतो. त्याला ‘केबल’ असा डांबरावर लिहिलेला शब्द थांबवतो. ज्या भागात संकेत मिळालाच नाही तिथे रेघ अंदाजाने पुढे ओढू नये; तुटक ठेवावी आणि प्रश्नचिन्ह काढावे. ब्रिटनमधल्या पास १२८ या मानकात माहितीच्या खात्रीच्या पायऱ्या आहेत : केवळ नकाशावरून, जागेच्या पाहणीवरून, यंत्राने शोधून, आणि उघडी करून पाहून. आपल्या नकाशावर प्रत्येक वाहिनीपुढे ती कोणत्या पायरीची आहे हे लिहिण्याची सवय लावावी. ठेकेदाराचे निम्मे गैरसमज तिथेच टळतात.

चाचणी खड्डा वाहिनीच्या बरोबर वर न घेता बाजूने घ्यावा आणि तिच्याकडे आडवे सरकत जावे. रेघेच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा मीटर जेसीबी, ब्रेकर आणि पहार यांना मज्जाव असावा. पहारेबद्दल मजुरांशी वाद होतो, कारण मुरमात तिच्यासारखे सोयीचे अवजार नाही. पण केबल भोसकायलाही तिच्यासारखे दुसरे नाही. फावड्याने आणि हाताने माती काढत गेल्यावर वाळूचा थर, ओळीत मांडलेल्या विटा किंवा फरश्या, अथवा पिवळी-लाल इशारापट्टी लागली की केबल जवळ आली असे समजावे. यातले काहीच लागले नाही, म्हणून खाली केबल नाही असे समजू नये. उघडी झालेली प्रत्येक केबल चालू आहे असेच मानावे, मग ती कितीही गंजलेली आणि बेवारशी दिसो.

इतके करूनही केबलला धक्का लागलाच तर जेसीबीच्या चालकाने यंत्राला हात न लावता आतच बसून राहावे आणि इतरांनी दूर व्हावे, वीज बंद झाल्याचे वीज कंपनीने सांगेपर्यंत. गॅसवाहिनी फुटली तर इंजिन बंद करावे, माणसे वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला हलवावीत, तिथे मोबाइलही चालवू नये, आणि दूर जाऊन कंपनीच्या खुणेवर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. चिंधी कोंबून किंवा पाइप दुमडून गळती थांबवायला जाऊ नये. हे दोन परिच्छेद मजुरांना सकाळी काम सुरू होण्यापूर्वी वाचून दाखवावेत.

खड्ड्यात वाहिनी दिसली की तिचा प्रकार, व्यास, माथ्याची खोली आणि दोन स्थिर खुणांपासूनची अंतरे लिहावीत. जीपीएसचे अचूक यंत्र असेल तर निर्देशांकही घ्यावेत. यंत्राने सांगितलेली खोली आणि प्रत्यक्ष खोली शेजारी शेजारी लिहावी, म्हणजे त्या मातीत आपले यंत्र किती चुकते हे दुसऱ्या खड्ड्यापर्यंत कळते. नकाशा चुकीचा निघाला असेल तर वाहिनीच्या मालकाला दुरुस्ती पाठवावी. इशारापट्टी वाहिनीच्या वीतभर वर पुन्हा अंथरावी. आणि फोटो काढताना टेपचा शून्य वाहिनीच्या माथ्यावर टेकलेला आणि वरचा आकडा रस्त्याच्या पातळीशी वाचता येतो आहे ना, हे माती ढकलण्याआधी मोबाइलच्या पडद्यावर मोठे करून पाहावे.